कसोटीचा दगड

पारोळ्याचा किल्ला डोंगरावर नाही. तो सपाटीवर, गावाच्या ऐन मध्यात, माणसांच्या गर्दीत उभा आहे. बाजार थेट खंदकाच्या काठापर्यंत येऊन भिडला आहे. त्यामुळे ह्या किल्ल्यात शिरणाऱ्याला गड चढण्याचे श्रम पडत नाहीत. गावातून वाट काढण्याचे तेवढे पडतात. नवखा पाहुणा ह्या तटांकडे बोट दाखवून कुणालाही विचारो, उत्तर बहुधा एकच मिळते: ‘झाशीनी राणीनं माहेर शे हाई, भाऊ!’ सांगणाऱ्याच्या आवाजात अभिमान असतो, आणि तो असावाही.

पाहुणा थोडा अधिक चौकस निघाला तर त्याला भुयाराचीही गोष्ट ऐकायला मिळते. किल्ल्यातून निघालेले भुयार पार नागेश्वराच्या देवळापाशी उघडते, अशी ही गोष्ट. पण ती सांगताना सांगणारा, विशेषतः तो चार बुके शिकलेला असला तर, किंचित हसतो आणि म्हणतो, ‘या जुन्या लोकांच्या बाता. आम्ही काही मानत नाही.’

मला नवल वाटते ते ह्या हसण्याचे. ह्या गृहस्थाने भुयाराची गोष्ट खोटी ठरवली, ती काय उकरून पाहून? नाही. आणि माहेराची गोष्ट खरी धरली, ती काय कागद पाहून? तेही नाही. एक गोष्ट त्याच्या मनाला पटली नाही म्हणून ती बात झाली. दुसरी मनाला गोड वाटली म्हणून इतिहास झाला. एवढे असूनही आपण खरेखोटे पारखून घेतले, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. खोटे ऐकून ते खरे मानणे ही एक गोष्ट झाली. आपल्याला खोटे ओळखता येते अशी खात्री बाळगणे ही निराळी गोष्ट आहे, आणि माझ्या मते ही दुसरीच अधिक घातक. ती कशी, ते आपल्या खानदेशाच्या इतिहासावरूनच पाहू.

प्रथम माहेराचा निकाल लावू. लक्ष्मीबाईंचे वडील मोरोपंत तांबे. तांब्यांचे मूळ वाई-साताऱ्याकडचे. मोरोपंत हे पेशवे दुसरे बाजीराव ह्यांचे बंधू चिमाजीअप्पा ह्यांच्या पदरी काशीस होते. मनकर्णिकेचा जन्म काशीचा आणि तिचे बालपण गेले ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला. तिच्या जन्माचे साल कुठे १८२८ दिलेले असते, तर कुठे १८३५. परंतु जन्मस्थानाविषयी असा घोळ नाही. दत्तात्रय बळवंत पारसनीस ह्यांनी राणीचे विस्तृत मराठी चरित्र १८९४ साली प्रसिद्ध केले, तेव्हापासून ही हकीकत मराठी वाचकांपुढे आहे. माहेर म्हणायचे तर ते काशीला किंवा बिठूरला म्हणावे लागेल.

मग पारोळ्याचा झाशीशी संबंधच नाही की काय? आहे, आणि तो चांगला घट्ट आहे. राणीचे यजमान गंगाधरराव हे नेवाळकर. हे घराणे मूळ कोकणातले. तिथून ते खानदेशात आले, पारोळ्याशी जोडले गेले, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्यातले रघुनाथ हरी नेवाळकर पेशव्यांचे सुभेदार म्हणून झाशीला गेले. मुंबई सरकारने १८८० साली खानदेशचे गॅझेटिअर छापले. पन्नास घरांच्या खेड्याचे तटबंदी असलेले गाव हरी सदाशिव दामोदर ह्या जहागीरदाराने केले आणि १७२७ साली हा किल्ला बांधला, असे सांगतात, अशी नोंद त्यात आहे. हरी, सदाशिव आणि दामोदर ही नावे नेवाळकरांच्या घराण्यात पुनःपुन्हा येतात. गंगाधररावांनी १८५३ च्या नोव्हेंबरात, मृत्यूच्या आदल्या दिवशी, आपल्याच भाऊबंदांतला जो आनंदराव दत्तक घेतला, त्याचे नावही दामोदरराव ठेवण्यात आले. तात्पर्य, पारोळे हे राणीचे माहेर नव्हे, ते तिच्या सासरचे मूळ ठिकाण.

‘म्हणजे मास्तर, राणी आपली नाही?’ असे मला एका वृद्ध गृहस्थांनी कळवळून विचारले होते. आपलीच आहे! पोर म्हणून नसेल, सून म्हणून आहे. आपल्या समाजात सुनेपेक्षा लेकीचे कौतुक अधिक, म्हणून बहुधा लोकांच्या तोंडी सासरचे माहेर झाले असावे.

परंतु ह्या एका शब्दाच्या फरकाखाली किती इतिहास गडप झाला आहे, ते पाहण्यासारखे आहे. १८५७ च्या जूनमध्ये झाशीत उठावणी झाली, शिपाई दिल्लीच्या वाटेला लागले आणि झाशीची गादी राणीच्या हाती आली. त्या वेळी तिच्यावर पहिली चाल कोणी केली? इंग्रजांनी नव्हे. नेवाळकरांच्याच पारोळेकर शाखेतल्या सदाशिवराव नारायण ह्यांनी झाशीच्या पश्चिमेचे करेऱ्याचे ठाणे घेतले आणि स्वतःला झाशीचा महाराज म्हणवून द्वाही फिरवली. राणीने फौज पाठवून त्यांना पळवून लावले. पुढे ते धरले जाऊन झाशीच्या किल्ल्यात कैदेत पडले. म्हणजे ज्या गावाला आपण तिचे माहेर म्हणतो, त्या गावचे नाव तिच्या चरित्रात भाऊबंदकीच्या प्रकरणात येते! आणि त्याच धामधुमीत पारोळ्याचे जहागीरदार सरकारशी बेइमान झाले, असा ठपका ठेवून इंग्रजांनी जहागीर जप्त केली आणि किल्ल्याची मोडतोड केली. आज किल्ला ज्या पडझडीच्या अवस्थेत आहे तिचे एक कारण हे आहे. माहेराची गोड कथा एकदा पुरेशी वाटली की ही कडूगोड आणि फार मोठी हकीकत कुणी विचारीतच नाही.

आणखी एक गोष्ट. गॅझेटिअर लिहिणारे परके साहेब होते, त्यांचे पूर्वग्रह पुष्कळ होते. पण किल्ला कोणी बांधला हे लिहिताना त्यांनी ‘असे सांगतात’ एवढे शब्द घालण्याची काळजी घेतली होती. तीच माहिती आपण भाषणात आणि निबंधात उतरवून घेताना सगळ्यांत आधी हे दोन शब्द गाळले.

कुणी म्हणेल, ही गावगप्पा झाली. विद्वानांचे तसे नसते. तर विद्वानांकडे वळू. झाशीच्या वेढ्याचा मराठीतला सर्वांत नामांकित प्रत्यक्षदर्शी म्हणजे पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे ह्या हेतूने ते १८५७ साली उत्तरेत गेले आणि बंडात सापडले. १८५८ साली झाशी पडली तेव्हा ते त्या शहरात होते. पुढे भारताचार्य चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी आपली हकीकत लिहून दिली आणि वैद्यांनी ती गोडशांच्या मृत्यूनंतर, १९०७ साली, ‘माझा प्रवास’ ह्या नावाने छापली. पुस्तक लोकप्रिय झाले. भटजींची साधी, भाबडी वाणी म्हणून वाचकांनी ते डोक्यावर घेतले.

पुढे मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आले, आणि दत्तो वामन पोतदारांनी ते १९६६ साली जसेच्या तसे छापले. तेव्हा साऱ्यांना दिसले की वैद्यांनी भाषा घडवली होती, काही मजकूर गाळला होता, काही फिरवला होता आणि काही पदरचाही घातला होता. वैद्यांचा हेतू वाईट नव्हता. राज्य इंग्रजांचे होते आणि काळ सोवळा होता. परंतु मुद्दा वैद्यांचा नाही, वाचकांचा आहे. एकोणसाठ वर्षे महाराष्ट्रातले उत्तम उत्तम वाचक ते पुस्तक वाचीत होते, त्यातले उतारे देत होते, आणि ह्या शैलीतच सत्याचा सुवास आहे असे मानीत होते. कुठले वाक्य गोडशांचे आणि कुठले वैद्यांचे, हे नुसत्या वाचनावरून नेमके सांगणे शक्यच नव्हते. त्यासाठी दोन कागद शेजारी ठेवावे लागले.

हीच वरसई इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांचेही जन्मगाव, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. आणि राजवाडे तर खानदेशचेच झाले. त्यांची अखेरची वर्षे धुळ्यात गेली, ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांनी तिथेच देह ठेवला, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ लगेच १९२७ साली तिथे उभे राहिले. त्यांनी जमवलेली दप्तरे तिथे जपलेली आहेत. पारोळ्याहून धुळे तासाभराच्या वाटेवर आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी पंढरीसारखी एकदा ती वारी करावी, असे मला वाटते.

राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाला एक शिस्त घालून दिली. १८९८ साली त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. त्यात १७५० ते १७६१ ह्या काळातली, पानिपतापर्यंतची, अस्सल पत्रे होती. त्या पत्रांशेजारी बखरी ठेवून त्यांनी दाखवून दिले की बखरकारांनी तिथ्या चुकवल्या आहेत, माणसे भलतीकडे उभी केली आहेत आणि घडून गेलेल्या गोष्टी मागाहून नटवल्या आहेत. बखरी तोवर काही मूर्ख माणसे वाचीत नव्हती. त्या वाचणाऱ्यांना रसिकता होती, बहुश्रुतपणा होता, आपल्याला अतिशयोक्ती ओळखता येते हा विश्वासही होता. नव्हते ते फक्त समकालीन पत्र. राजवाड्यांचे सगळे सांगणे थोडक्यात असे: तुमच्या नाकावर विसंबू नका, हा कागद कोणाचा, केव्हाचा, आणि लिहिणाऱ्याला ही गोष्ट कशी कळली, एवढे विचारा.

आणि आता गंमत पाहा. हेच राजवाडे जिथे आपल्या नाकावर विसंबले तिथे काय झाले? बीडजवळच्या पाटांगणला त्यांना ज्ञानेश्वरीची एक पोथी मिळाली. ही एकनाथपूर्व, म्हणून सर्वांत अस्सल, असे सांगून त्यांनी ती १९०९ साली छापली. इतर विद्वानांनी शंका घेतल्या. शंकांचे निरसन करायचे तर पोथीचा कागद, अक्षर, शाई तपासायला हवी. आणि ती मूळ पोथी तर पुढे कुणाला पाहायलाच मिळाली नाही. राजवाड्यांचे म्हणणे बरोबर होते की चूक, हा वाद मी सोडवणार नाही. मला एवढेच दिसते की ज्या माणसाने उभ्या महाराष्ट्राला ‘मूळ कागद दाखवा’ म्हणायला शिकवले, त्याच्याकडे मूळ कागद मागण्याची वेळ आली तेव्हा तो नव्हता.

असे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. १९८३ च्या एप्रिलमध्ये जर्मनीतल्या ‘श्टेर्न’ साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिश्या सापडल्याचा डांगोरा पिटला. त्या अस्सल असल्याचा निर्वाळा देणारे गृहस्थ होते ह्यू ट्रेव्हर-रोपर. हिटलरच्या अखेरच्या दिवसांवर १९४७ साली गाजलेले पुस्तक लिहिणारा हा जगातला त्या विषयाचा नाणावलेला जाणकार. वह्यांचे ढीगच्या ढीग पाहून त्यांची खात्री पटली. मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात जर्मन सरकारी दप्तरखान्याने कागद तपासला, तेव्हा त्यात महायुद्धानंतर वापरात आलेले द्रव्य निघाले. कोनराड कुयाऊ नावाच्या एका लबाडाने त्या साऱ्या वह्या घरी बसून लिहिल्या होत्या! ट्रेव्हर-रोपरांना हिटलरविषयी जे ठाऊक होते ते प्रयोगशाळेतल्या माणसाला ठाऊक नव्हते. पण प्रयोगशाळेतल्या माणसाला आपल्या ज्ञानाचा अभिमान बाजूला ठेवण्याची गरजच नव्हती. त्याने फक्त कागद तपासला.

राणीच्या छायाचित्राचेही असेच आहे. हॉफमन नावाच्या साहेबाने १८५० साली घेतलेले राणीचे अस्सल छायाचित्र, असे म्हणून एका दागिने ल्यालेल्या तरुण स्त्रीचे चित्र गेली कित्येक वर्षे वर्तमानपत्रांतून आणि भ्रमणध्वनींवरून फिरते आहे. हॉफमनच्या नावाची प्रसिद्ध छायाचित्रशाळा कलकत्त्यात निघाली ती १८८२ साली, म्हणजे राणीला वीरगती मिळून चोवीस वर्षे झाल्यावर. हे चित्र मला एका वकिलांनी पाठवले, एका डॉक्टरांनी पाठवले आणि इतिहासाच्या एका पदवीधरांनीही पाठवले. तिघांच्याही मजकुरात ‘दुर्मीळ’ हा शब्द होता, आणि साल कुणी ताडून पाहिले नव्हते.

आमच्या शिक्षकांच्या खोलीत मी एकदा सहज प्रश्न टाकला: ह्या मोबाईलवर येणाऱ्या खोट्या बातम्यांना लोक फसतात का? सगळे एका सुरात म्हणाले, ‘फार!’ मग विचारले, आपल्यापैकी कोण फसतो? खोलीत शांतता पसरली. आणि मग प्रत्येकाने कुणाची ना कुणाची नावे सांगितली, कुणी सासऱ्यांचे, कुणी धाकट्या भावाचे, कुणी गावच्या एखाद्या पुढाऱ्याचे. स्वतःचे नाव एकानेही घेतले नाही.

ह्या स्वभावाला अमेरिकेतल्या डेव्हिसन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९८३ सालीच नाव दिले होते. प्रचाराचा परिणाम आपल्यावर होत नाही, तो ‘तिसऱ्या माणसावर’ होतो, असे प्रत्येकाला वाटते, असे त्याचे निरीक्षण होते. २०२१ साली तिकडेच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ हजारांहून अधिक लोकांपुढे खऱ्या आणि खोट्या बातम्यांचे मथळे ठेवले, आणि ओळखण्यात तुम्ही इतरांच्या तुलनेत कुठे बसाल, हेही त्यांना विचारले. चारांपैकी तिघांनी स्वतःची किंमत वास्तवाहून अधिक लावली. आणि ज्यांचा स्वतःविषयीचा भरवसा सर्वांत फुगलेला, तेच खोट्या बातम्यांच्या ठिकाणी अधिक जाताना आढळले. आपल्या शिक्षकांच्या खोलीत मला जे दिसले ते काही खानदेशी वैशिष्ट्य नव्हते, एवढाच त्यातून दिलासा!

इथवर जे सांगितले त्यात फार तर कुणाची फजिती झाली, एखादे पुस्तक चुकले, एका गावाने सासरला माहेर म्हटले. परंतु हाच स्वभाव माणसे मारतो. आणि तेही आपल्याच खानदेशात घडले आहे.

१ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा ह्या आदिवासी गावी आठवड्याचा बाजार भरला होता. पाच माणसे तिथे उतरली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ही माणसे, बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा भागातली. भिक्षेवर पोट भरीत गावोगाव हिंडणे हा त्यांच्या समाजाचा पिढीजात जीवनक्रम. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना कुणाला दिसला. मुले पळवणारी टोळी जिल्ह्यात शिरली आहे, असा मजकूर कित्येक दिवस मोबाईलवरून फिरत होताच. जमाव जमला. त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडण्यात आले, आणि तिथे ते ठेचून मारले गेले. पोलीस आले ते जमावापुढे अपुरे पडले.

दुसऱ्या दिवशी शहरांतून एकच वाक्य ऐकू आले: ‘अडाणी लोक! काहीही खरे मानतात.’ हे वाक्य मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. पहिली गोष्ट अशी की तो मजकूर राईनपाड्यात लिहिला गेला नव्हता. अशा मजकुरांबरोबर त्या वर्षी देशभर जी चित्रफीत फिरत होती, तिच्यात मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेताना दिसत. ती मुळात पाकिस्तानातल्या कराचीत मुलांच्या सुरक्षिततेविषयी लोकांना सावध करण्यासाठी बनवलेली होती. तिच्या शेवटी मूल परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला. मग ती चित्रफीत किती सुशिक्षित हातांतून, ‘खबरदारी म्हणून पाठवीत आहे’ अशा सज्जन शब्दांसह पुढे सरकली असेल, ह्याचा हिशेब कोण देणार? राईनपाडा हे तिच्या वाटेवरचे शेवटचे गाव होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्या जमावातल्या माणसांना आपण काही ‘मानतो’ आहोत असे वाटत नव्हते; आपण ‘ओळखले’ असे वाटत होते. परका चेहरा, परकी बोली, लहान मुलीशी बोलणे, ह्या खुणा त्यांनी जुळवल्या आणि निकाल दिला. त्यांच्या दृष्टीने ते भोळे नव्हतेच, इतरांपेक्षा सावध होते. गुन्हा जो घडला तो भोळेपणातून नव्हे, स्वतःच्या पारखीवरच्या आंधळ्या विश्वासातून घडला.

आणि भटक्या माणसाला पाहताच ‘ओळखण्याची’ ही सवय आपल्याला अडाण्यांनी लावलेली नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ साली तो देशभर लागू करण्याची सोय केली. अमुक जातीत जन्मला तो चोर, असे ह्या कायद्याने छापील अक्षरांत ठरवले. त्याला हजेरी लावली, त्याच्या फिरण्यावर बंधने घातली. मोठमोठे विद्वान अंमलदार ह्या कामाला लागले होते. त्यांना आपण चोर जन्मावरून ओळखू शकतो ह्याविषयी तिळमात्र शंका नव्हती. तो कायदा स्वतंत्र भारताने १९५२ साली रद्द केला. पण गावाच्या वेशीवर पाल पडले की कोंबड्या मोजून ठेवणारी नजर कायद्याबरोबर रद्द होत नाही. पूर्वी निदान गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला डौर वाजवीत येणारा गोसावी कोण, त्याला सुपातले धान्य का घालायचे, हे ठाऊक असे. ती ओळख गेली आणि त्या जागी संशय तेवढा उरला.

त्याच सुमारास शेजारच्या मालेगावातही असाच जमाव जमला होता. तिथे एका लहान मुलासह पाच जण सापडले होते. पण पोलिसांनी आणि काही स्थानिक माणसांनी मध्ये पडून त्यांना वाचवले. मध्ये पडणाऱ्यांना तो मजकूर खोटा असल्याचे ठाऊक होते असे समजण्याचे कारण नाही. त्यांना एवढेच ठाऊक होते की निकाल देणे हे आपले काम नव्हे. ते ज्याचे आहे त्याच्या हाती माणसे जिवंत सोपवावीत. खरे काय ते न ओळखताही पाच जीव वाचवता आले.

राईनपाड्यानंतर दहा दिवसांच्या आत व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने वर्तमानपत्रांतून पानभर जाहिराती देऊन खोटी बातमी ओळखण्याच्या दहा युक्त्या सांगितल्या. त्याच महिन्यात तिने भारतात एक मजकूर एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही, अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. ह्या दोन उपायांतला फरक विचार करण्याजोगा आहे. दहा युक्त्या वाचून प्रत्येकाने म्हटले असेल, ‘छान आहे, अमक्याला दाखवायला हवे.’ पाचांची मर्यादा मात्र कुणाच्या शहाणपणावर अवलंबून नव्हती. शहाण्याचा हात तिने अडवला, मूर्खाचाही अडवला. आणि शहाण्याचाच अडवणे अधिक गरजेचे होते.

आमच्या जळगावचा सराफा सोन्यासाठी नावाजलेला आहे. तिथल्या एखाद्या जुन्या पेढीवर बसून पाहावे. पन्नास वर्षे सोने हाताळलेला सराफ तुमचा दागिना हातात घेतो, वजन तोलतो, रंग पाहतो. त्याच्या डोळ्याला बहुतेक सारे कळलेले असते. तरीही तो कसोटीच्या दगडावर दागिना घासल्यावाचून भाव सांगत नाही. ओळखीच्या घरचा असला तरी घासतो, स्वतःच्या आईचा असला तरी घासतो. ह्यात त्याला कमीपणा वाटत नाही, आणि गिऱ्हाइकालाही अपमान वाटत नाही, कारण तो त्या धंद्याचा रिवाज आहे. त्याच्या डोळ्याने त्याला हजार वेळा बरोबर सांगितले असेल. एक हजार एकाव्या वेळेसाठी तो दगड असतो.

शब्दांच्या व्यवहारात आपण असा रिवाज पाडलेला नाही. इथे ज्याला त्याला आपला डोळाच पुरेसा वाटतो. शाळेत आम्ही मुलांना खोटे बोलू नये असे शिकवतो. आपण खरे ऐकले की नाही हे कसे पाहावे, ते क्वचितच शिकवतो. माझ्या वर्गात मी एक साधा नियम ठेवला आहे. किल्ल्यावर निबंध लिहिताना प्रत्येक वाक्यासाठी मुलांनी ठरवायचे की ते ‘असे सांगतात’ ह्या रांगेतले, की ‘कागदात असे आहे’ ह्या रांगेतले. आणि कागदातले असेल तर कोणाच्या आणि कधीच्या, ते लिहायचे. भुयार पहिल्या रांगेत जाते, माहेरही जाते, आणि १७२७ हे सालसुद्धा ‘सांगतात’ ह्या शब्दासहच दुसऱ्या रांगेत जाते. हुशार मुलांना ह्याचा कंटाळा येतो. त्यांना वाटते, हे मंद मुलांसाठी आहे. मी त्यांना सांगतो, बाबांनो, मंद मुले विचारून घेतात. हा नियम तुमच्याचसाठी आहे.

राजवाड्यांचे तीन प्रश्न काही अवघड नाहीत. कोणी सांगितले, केव्हा सांगितले, त्याला कसे कळले? ते विचारायला पदवी लागत नाही. लागतो तो थोडा वेळ, आणि ‘मला कळले आहे’ हे म्हणण्याआधी घडीभर थांबण्याची तयारी. राईनपाड्याच्या बाजारात तो माणूस त्या मुलीशी काय बोलत होता, हे समजून घ्यायला एक प्रश्न पुरे होता.